मलमपट्टीची भीती

प्रश्न : पत्र लिहिणारे गृहस्थ पस्तिशीतले आहेत, समलिंगी आहेत. ज्याच्यासोबत चार वर्षं संसार केला त्याने सहा महिन्यांपूर्वी एका भांडणात त्यांना जिन्यावरून ढकललं. उजव्या दंडाचं हाड मोडलं, हाडाला खेटून जाणारी नस (मज्जातंतू) दुखावली आणि मनगट लुळं पडलं. डॉक्टरांना त्यांनी ‘पाय घसरला’ असं सांगितलं. महिन्याभरात ते घर सोडून एका मैत्रिणीकडे राहायला आले. आता जुन्या ओळखीतला एक पुरुष तीन-साडेतीन महिन्यांपासून जवळ आला आहे. तो त्यांना फिजिओथेरपीला नेतो, शर्टाची बटणं लावून देतो, प्रेम आहे असं सांगतो. मैत्रिणीकडची खोली दोन महिन्यांत सोडायची आहे आणि ‘माझ्याकडेच ये’ असं त्याचं म्हणणं आहे.

महिन्यापूर्वी त्याने एक कादंबरी भेट दिली. म्हणाला, ‘वाच, आपलीच गोष्ट आहे.’ नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेला, पाय जायबंदी झालेला एक नर्तक. त्याला सावरणारा धिप्पाड, अबोल पुरुष. शेवटी दोघांचं घर. पत्रलेखक लिहितात : ‘हे वाचून सगळे रडतात म्हणे. मला मात्र पायाला पट्टी बांधण्याच्या प्रसंगात घाम फुटला. पुस्तक मिटलं, चार दिवसांनी नेटाने संपवलं, आणि शेवट वाचून चक्क राग आला. त्यातला तीनशे पानांत बरा झाला. मी अजून कपाटाचं दार आपटलं तरी दचकतो. इतका चांगला माणूस समोर असताना मला हे काय होतंय? मी कृतघ्न आहे का? हे प्रेम आहे की उपकार फेडणं? त्याच्याकडे राहायला जाऊ का? आणि पुस्तक कसं वाटलं असं तो रोज विचारतो, त्याला काय सांगू? (डाव्या हाताने टंकलंय, चुका सांभाळून घ्या.)’

उत्तर :

चुका दोनच सापडल्या, आणि त्या दोन्ही हातांनी टंकणारेही रोज करतात.

तुम्ही नाव कळवलंत ती कादंबरी मी मिळवून वाचली. दोन रात्री लागल्या. नाव इथे देत नाही, कारण माझं भांडण त्या एका पुस्तकाशी नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. मी साठीकडे झुकलेला समलिंगी पुरुष आहे. ज्या वयात अशी पुस्तकं चोरून शोधायचो, तेव्हा हाती लागलेल्या गोष्टींत दोघांपैकी एक जण शेवटी हमखास मरायचा, नाहीतर लग्न करून गप्प बसायचा. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहून काढली, आणि ती छापली गेली १९७१ मध्ये, ते वारल्यानंतर. शेवट दुःखाचा केला असता तर प्रकाशन सोपं गेलं असतं हे त्यांना माहीत होतं. पण दोन पुरुष निदान कादंबरीत तरी सुखाने एकत्र राहिलेच पाहिजेत, यावर ते अडून बसले. त्यामुळे अशा पुस्तकाच्या गोड शेवटाला मी नाक मुरडणार नाही. तो शेवट फुकट मिळालेला नाही.

पण तो शेवट वाचकाला दिलेला शब्द असतो. प्रेमकथा हातात घेतली की शेवटी दोघं एकत्र येणार, हे पहिल्या पानालाच ठरलेलं असतं. आपण निर्धास्तपणे मधली दुखणी वाचतो ती त्या भरवशावर. तुम्हाला असा शब्द कोणी दिलेला नाही. शिवाय त्या नर्तकाला एक सोय आहे, तुम्हाला ती नाही: त्याचं पुस्तक संपतं. नव्या घरात राहायला गेल्यावर सातव्या महिन्यात, रात्री दोन वाजता दार वाजलं तेव्हा तो कुठे लपला, ते लेखकाला लिहावं लागत नाही.

आता त्या घामाबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे, आणि मी ती वर सारांशात मुद्दाम दिलेली नाही. तुम्ही लिहिलंय, ‘आधीचाही मारून झाल्यावर असंच करायचा. बर्फ लावायचा, भरवायचा. हात मोडला तेव्हा दवाखान्यात रात्रभर उशाशी बसून होता.’

ही ओळ वाचून मी कादंबरीतला पट्टीचा प्रसंग पुन्हा काढला. धिप्पाड पुरुष गुडघ्यावर बसलाय, नर्तकाचा पाय मांडीवर घेतलाय, हलक्या हाताने पट्टी गुंडाळतोय, एक शब्द बोलत नाहीये. ज्याने कधी मार खाल्लेला नाही त्याच्यासाठी हे चित्र प्रेमाचं आहे. तुम्ही चार वर्षं हेच चित्र पाहिलंय, फक्त तुमच्या चित्राच्या आधी एक चित्र असायचं. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये मारहाणीच्या नात्यांतलं एक चक्र मांडलं: आधी ताण साचतो, मग स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाड. सगळीच नाती या चक्रात बसत नाहीत, आणि त्यावर पुढे बरीच टीकाही झाली. पण तुमच्या कंसातल्या ओळीत त्याचा तिसरा टप्पा जसाच्या तसा आहे. मायेने बर्फ लावणारा हात आणि ढकलणारा हात एकच होता. तेव्हा शरीराने जो धडा घेतला तो वेडगळ नाही, बिनचूक आहे: कोणी इतक्या हळुवारपणे जखम हाताळतंय म्हणजे सावध राहा.

तुम्ही समजताय की तुम्हाला प्रेमाची भीती बसलीये. मला तसं वाटत नाही. तुम्हाला शुश्रूषेची भीती बसलीये. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फक्त या घडीला तुमच्या आयुष्यात त्या एकाच माणसाच्या रूपाने समोर आल्यात, म्हणून गोंधळ उडतोय. तो बटणं लावतो तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरता, असंही तुम्ही लिहिलंय. त्याला हे ठाऊक आहे का? नसेल तर तो बापडा रोज सकाळी आपण प्रेम करतोय असं समजून तुमच्या शरीराला जुनी आठवण करून देतोय. यात दोष त्याचाही नाही, तुमचाही नाही. कृतघ्नपणाचा तर प्रश्नच येत नाही.

म्हणून पहिली सूचना अगदीच कोरडी आहे. बटणांचं काम त्याच्याकडून काढून घ्या. एका हाताने बटण लावण्यासाठी मूठ असलेला तारेचा आकडा मिळतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तो वापरायला शिकवतात. पुढचे काही महिने टी-शर्ट घातलेत तरी जग बुडणार नाही. फिजिओथेरपीला निम्म्या वेळा मैत्रिणीसोबत जा, किंवा एकटे जा. म्हणजे दुखण्याचं खातं आणि प्रेमाचं खातं वेगळं होईल. तो आला की तुम्ही रुग्ण नसाल अशा वेळा मुद्दाम तयार करा. दोघांनी सिनेमा पाहा, भांडा, कंटाळा. एकमेकांचा कंटाळा सहन होतो का, हे जखमेच्या काळात कधीच कळत नाही.

प्रेम की उपकारफेड, हा तुमचा प्रश्न यातूनच सुटेल, विचार करून नाही सुटायचा. ज्याने अडचणीत हात दिला त्याच्याबद्दल ओढ वाटणं खोटं नसतं. पण उपकाराची ओढ असेल तर तिच्यासोबत हिशेब येतो: त्याने एवढं केलं, मग मी नाही कसं म्हणू? तुमच्या पत्रात ‘इतका चांगला माणूस’ हे शब्द पाच वेळा आहेत. मी मोजले. त्याच्या विनोदाला तुम्ही हसता का, त्याच्या कुठल्या गोष्टीचा राग येतो, त्याचा आवाज ऐकून बरं वाटतं का, यातलं काही एकदाही नाही. हा आरोप नाही. जो माणूस चार वर्षं समोरच्याचा मूड वाचत जगला, त्याला आपल्याला काय आवडतं हे आठवायलाच वेळ लागतो.

आता त्या ‘नाही’कडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथे आहे. कादंबरीत एक प्रसंग आहे, तुम्हालाही आठवत असेल. आधीच्या नवऱ्याचे फोन येत राहतात, म्हणून तो धिप्पाड नायक नर्तकाचा फोन काढून घेतो, न विचारता नंबर बदलतो, आणि शेवटाकडे त्या नवऱ्याला गाठून बडवतो. वाचताना बरं वाटतं, मलाही वाटलं. पण नायकाचं नाव झाकून तेवढं पान वाचा: एक पुरुष दुसऱ्याचा फोन ताब्यात घेतो, त्याने कोणाशी बोलायचं ते ठरवतो आणि मुठी वापरतो. हेतू चांगला असला तरी निर्णय पुन्हा दुसऱ्यानेच घेतला. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याबद्दल जे मांडलं त्याचा गाभा असा, की ज्याचं नियंत्रण हिरावलं गेलं त्याला ते परत मिळणं हाच बरं होण्याचा पहिला नियम. बाकीचे सल्ला, आधार, माया देऊ शकतात. बरं करून देऊ शकत नाहीत. त्या कादंबरीच्या नायकाला हे कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्या मित्राला सांगितलंय का? तुम्ही लिहिता की एकदा तुम्ही ‘आज मी एकटाच जातो’ म्हणालात तर तो ‘बरं’ म्हणाला, पण संध्याकाळभर गप्प होता. या गप्पपणाचा अर्थ इथे बसून मी लावणार नाही. कदाचित त्याला वाईट वाटलं असेल आणि तेवढंच. वाईट वाटण्याचा हक्क त्यालाही आहे. कदाचित ती शिक्षा असेल. फरक पुढच्या दिवसांत दिसतो. दुखावलेला माणूस दुसऱ्या दिवशी बोलतो, ‘मला जरा लागलं, पण तुझं बरोबर आहे’ असं काहीतरी, आणि पुढच्या वेळी तुम्ही एकटे निघालात तर निघू देतो. शिक्षा करणारा गप्प बसून वाट बघतो, आणि तुम्ही माफी मागून पुन्हा त्याच्याच गाडीत बसलात की एकदम मोकळा होतो. तुम्ही त्यानंतर पुन्हा एकटे गेलात का? पत्रात नाही. नसाल गेलात, तर का नाही, हे स्वतःला विचारा.

माणूस दुखण्यात किती गोड वागतो यावरून त्याची परीक्षा करू नका. तुमच्या आधीच्या जोडीदाराने ती परीक्षा पहिल्या नंबरात पास केली होती. नकार मिळाल्यावर काय करतो ते पाहा. आणि एक जास्त अवघड प्रश्न स्वतःशी धरून ठेवा: हात पूर्ण बरा झाला, गाडीची आणि बटणांची गरज उरली नाही, की त्याला आनंद होईल की काही हरवल्यासारखं वाटेल? काही चांगली माणसंही जखमी माणसावरच प्रेम करू शकतात. ती वाईट नसतात, पण तुम्ही बरे होताना ती तुमच्या वाटेत येतात.

‘मी बरा कधी होणार’ हे तुम्ही चार-पाच ठिकाणी निरनिराळ्या शब्दांत विचारलंय. यात एक समजूत दडलीये, की आधी पूर्ण बरं व्हायचं आणि मग प्रेमाला हात घालायचा. कादंबरीची समजूत याच्या बरोबर उलटी, की प्रेमात पडलं की बरं होतं. मला दोन्ही पटत नाहीत. तुमच्याच हाताकडे पाहा. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी ती रेडियल नस हाडासोबत दुखावली जाते, आणि बहुतेकदा आपली आपण परत येते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. महिन्याला जेमतेम बोटाच्या पेराएवढी. आधी मनगट उचललं जातं, मग बोटं, सगळ्यात शेवटी अंगठा. तुम्ही लिहिलंय की मनगट हलायला लागलंय, बोटं अजून सुस्त आहेत. म्हणजे क्रम ठीक चाललाय. या काळात फिजिओथेरपिस्ट तुम्हाला काय सांगतो? हात गळ्यात बांधून ठेवा असं सांगत नाही, आणि पोतं उचला असंही नाही. स्प्लिंट घालून रोजची कामं करा म्हणतो. स्प्लिंट मनगटाला आधार देतो, मनगटाचं काम करत नाही. प्रेमालाही मी सध्या तेवढाच भार देईन. भेटा, जवळ या, शरीराला चालत असेल तर शरीरानेही. पण ‘थांब’ म्हटलं की का, कशाला न विचारता थांबायचं, एवढं आधी ठरवून. पोतं मात्र उचलू नका.

घर हे पोतं आहे. म्हणून, नाही, दोन महिन्यांत त्याच्याकडे राहायला जाऊ नका असंच मी सांगेन. तो वाईट असेल म्हणून नाही. खोली सोडायची आहे ही निकड घराच्या प्रश्नाची आहे, तिचं उत्तर प्रेमाच्या खिशातून काढू नका. मैत्रिणीला मुदत वाढवून मागा, एखाद्या दुसऱ्या मित्रासोबत भाड्याने राहा, लहानशी जागा बघा. तो खरोखर समजूतदार असेल तर हा नकारही पचवेल, आणि तुम्हाला त्याच्याबद्दल हजार पानं वाचून कळलं नसतं ते कळेल. सगळे मार्ग बंद होऊन त्याच्याकडेच जावं लागलं, तर काही गोष्टी सोडू नका: घराची स्वतःची किल्ली, स्वतःच्या नावाचं बँक खातं ज्यात निदान दोन-तीन महिने निघतील इतके पैसे, महत्त्वाची कागदपत्रं मैत्रिणीकडे, आणि गरज पडली तर त्या रात्री जाता येईल असं एक दार. हे त्याला सांगूनच करा. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं तो म्हणाला, तर म्हणा, विश्वास यायला लागलाय म्हणूनच सांगतोय.

त्याला काय काय सांगायचं? तो ‘नक्की काय झालं होतं’ विचारतो म्हणून सगळं सांगणं लागत नाही. हकिकत तुमची आहे. पण सूचना सांगा, त्या हकिकतीपेक्षा उपयोगी असतात: मागून येऊन हात लावू नकोस, चिडलास तर दाराच्या आणि माझ्या मध्ये उभा राहू नकोस, मी दचकलो तर माफी मागत बसू नकोस, नुसता जागेवर थांब. दोन-तीन वाक्यं पुरेत. असं सांगताना तुमचा आवाज कापला तर कापू द्या.

इथे त्याच्या जागी असलेल्या वाचकांसाठीही दोन शब्द, कारण अशी पत्रंही मला येतात. ‘माझ्यात आणि त्याच्यात काही फरक आहे की नाही?’ असं आपल्या माणसाला विचारू नका. फरक आहे हे त्याच्या डोक्याला कळतं, शरीराला कळायला वेळ लागतो. आणि त्या जुन्या जोडीदाराला गाठायला जाऊ नका. पुस्तकात त्याने प्रश्न मिटतो. प्रत्यक्षात नातं तोडल्यानंतरचा काळ धोक्याचा असतो, आणि तुमच्या मर्दुमकीचा बदला तुमच्या माणसाला सोसावा लागू शकतो.

एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, ‘शेवटी आम्ही दोघंही पुरुषच, मीही एकदा त्याला ढकललं होतं, मग याला अत्याचार कसं म्हणू?’ हे मी फार जणांकडून ऐकलंय. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१० मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत समलिंगी पुरुषांपैकी २६ टक्के, भिन्नलिंगी पुरुषांपैकी २९ टक्के आणि उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्या) पुरुषांपैकी ३७.३ टक्के जणांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग भोगल्याचं सांगितलं. म्हणजे पुरुषाच्या वाट्याला हे येत नाही हा समज खोटा, आणि समलिंगी नात्यात हे असायचंच हाही खोटा. कोणी कोणाला किती वेळा ढकललं हे मोजून अत्याचार ठरत नाही. घरी पोचायला उशीर झाला की कोणाच्या पोटात गोळा यायचा? कोणाचे मित्र तुटले? ‘तुझ्या ऑफिसात सांगून टाकीन तू कोण आहेस ते’ ही धमकी कोणी कोणाला दिली? ती तुम्हाला मिळाली होती, असं तुम्हीच लिहिलंय. आपल्यासारख्यांच्या नात्यातलं हे खास हत्यार आहे; ते वापरायला हातही उगारावा लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने अशी सततची दहशत आणि जखडणूक हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, मारहाण झालेली नसली तरी.

कायदा देशागणिक निराळा आहे. काही ठिकाणी घरगुती हिंसेचा कायदा कोणत्याही जोडीदाराला लागू होतो, काही ठिकाणी तो फक्त स्त्रियांना संरक्षण देतो. पण जिन्यावरून ढकलून हाड मोडणं हा साध्या फौजदारी कायद्यातही गुन्हाच असतो. जिथे समलिंगी संबंधच गुन्हा मानले जातात तिथे पोलिसांकडे जाण्याआधी समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी किंवा विश्वासातल्या वकिलाशी बोलावं. तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा, मी ढकलणार नाही. एक गोष्ट मात्र आत्ताच करा: डॉक्टरांना खरं सांगा आणि नोंद करायला सांगा. सहा महिन्यांनीही उशीर झालेला नाही. उद्या तक्रार करावीशी वाटली तर ती नोंद कामाला येईल.

डॉक्टरांना खरं सांगण्याचं दुसरंही कारण आहे. हात दिसतो म्हणून सगळे हातच बघतात. मारहाणीत डोक्याला मार बसला असेल आणि त्यानंतर डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, प्रकाशाचा त्रास सुरू झाला असेल, तर तो मेंदूच्या दुखापतीचा परिणाम असू शकतो. कोणी कधी गळा दाबला असेल, बेशुद्ध पडला नसलात तरी, तेही सांगा. मानेतल्या रक्तवाहिनीची इजा लगेच दिसेलच असं नाही. आणि गळा दाबणं हा पुढच्या जीवघेण्या हल्ल्याचा मोठा इशारा असतो, हे स्त्रियांवरच्या अभ्यासांतून स्पष्ट झालंय. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अजून त्या घरात असेल, तर त्याने ही ओळ पुन्हा वाचावी.

दचकणं, दुःस्वप्नं, काही जागा टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलंय, तेव्हा आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी) या दोन मानसोपचार पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. पहिल्याच भेटीत विचारा, समलिंगी जोडप्यांसोबत काम केलंय का? समोरच्याने तुमचा कलच ‘बदलून’ द्यायची भाषा केली तर उठून या. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. जुन्या फोनमधली ठिकाण दाखवणारी सोय, दोघांत मिळून वापरलेली खाती आणि पासवर्ड, कुठेतरी साठलेले खासगी फोटो हेही एकदा बसून तपासा. मैत्रीण मदत करेल. मित्राला हे काम देऊ नका. का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

पत्राच्या तळाशी तुम्ही अगदी बारीक एक वाक्य लिहिलंय, की कधी कधी त्या पहिल्याचीच आठवण येते आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. येणारच. चार वर्षं होती, आणि त्यात रोज जिना नव्हता. तो गाणं म्हणायचा तेव्हा तुम्हाला आवडायचं, ते आवडणं खोटं नव्हतं. आठवण येते म्हणून परत जावं लागत नाही. तिला उत्तर द्यावं लागत नाही, विशेषतः मेसेज करून तर नाहीच.

राहिला पुस्तकाचा प्रश्न. तो रोज विचारतोय, आणि तुम्ही ‘वाचतोय अजून’ म्हणून वेळ मारून नेताय. त्याला खरं सांगा. सांगा की पुस्तक तू मायेने दिलंस हे कळलं, पण पट्टीच्या प्रसंगात मला भीती वाटली, फोनचा प्रसंग अजिबात आवडला नाही, आणि ही आपली गोष्ट नाही. एका पुस्तकाला नकार, इतकंच. यापेक्षा स्वस्त ‘नाही’ तुम्हाला मिळणार नाही. सांगून झाल्यावर घाईने काही सावरू नका, ‘पण छान होतं तसं’ वगैरे जोडू नका. गप्प बसा आणि तो काय म्हणतो ते ऐका. शक्यतो हे फिजिओथेरपीच्या दिवशी आणि त्याच्या गाडीत बोलू नका. अशा ठिकाणी बोला, जिथून तुम्हाला आपल्या पायांनी घरी जाता येईल.